पोचवणी

“पाच मिनटं म्हंजे किती, गुरुजी?”

स्टेजच्या मागे, कनातीच्या सावलीत हिराबाई उकिडवी बसली होती. तिच्या अंगावर संस्थेनं दिलेलं नवं लुगडं होतं आणि त्याची घडी मोडू नये म्हणून ती अवघडून होती.

“एक चहा उकळेपर्यंत,” मी म्हणालो.

“चुलीवं का गॅसवं?”

“चुलीवर.”

“मंग बरं. लाकडं वल्ली असली तर पुरल,” असं म्हणून ती हसली. तिला वाटलं, मीही हसेन. मी घड्याळ पाहत होतो.

दोन हजार चार सालचा वैशाख. शेणव्याजवळच्या माळावर मुंबईच्या एका संस्थेनं एक्कावन्न आदिवासी जोडप्यांचं सामुदायिक लग्न ठरवलं होतं. त्यातल्या निम्म्याअधिक जोडप्यांच्या कडेवर मुलं होती. त्या पाड्यांवर माणसं आधी संसाराला लागतात आणि लग्न मागाहून होतं. लग्न म्हणजे सगळ्या पाड्याला जेवण. औंदा भात बरा आला की करू, असं म्हणता म्हणता दहा वर्षं जातात. यात वावगं कोणाला वाटत नाही. संस्थेला मात्र वाटलं. मी निवृत्त शिक्षक, अक्षर बरं, म्हणून जोडप्यांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं.

वारल्यांच्या लग्नाला भटजी नसतो. लग्न लावते ती बाई, धवलेरी. ती गाते आणि गाण्यातूनच लग्न पुढे सरकत जातं. हिराबाईनं चाळीस वर्षं आसपासच्या पाड्यांवर लग्नं लावली होती. या सोहळ्यात तिला काहीच जागा नसावी हे मला बरं दिसेना. म्हणून समितीच्या बैठकीत मी म्हणालो, की त्यांना थोडं गाऊ द्यावं, सत्कारही होईल. आयुष्यात मी फार सूचना केलेल्या नाहीत. केली ती ही.

सुनिल आला. हा हिराबाईच्या भावाचा मुलगा, माझाच विद्यार्थी. आता संस्थेचा कार्यकर्ता होता, गळ्यात शिट्टी आणि डोक्यावर टोपी.

“आत्या, चल. पाच मिनिटं हां! पाव्हण्यांना दुपारी परत निघायचंय.”

ती स्टेजवर गेली आणि माईककडे न बघता खाली बसली. कोणीतरी माईक वाकवून तिच्या तोंडाशी आणला. तिनं डोळे मिटले आणि देवांना हाका घालायला सुरुवात केली. नारनदेव, हिरवा, कनसरी, वाघोबा, माहुलीचा डोंगर, भातसा नदी. मग घराघरांचे लहान देव, कोणाचा बांधावरचा दगड, कोणाचा पाणवठा. बसलेल्या जोडप्यांमधली काही माणसं आपल्या घरचं नाव आलं की मान वर करत. हिराबाईच्या पाड्यावरचा गणू आणि त्याची चिमी तिसऱ्या रांगेत होती. चिमीनं मांडीवरच्या मुलीचं डोकं हातानं वर उचललं, जणू कोणी ओळखीचं येतंय.

तेवढ्यात सुनिलनं माईकवाल्याला हात केला.

खट् असा आवाज झाला. लगेच दुसऱ्या माईकवरून मंगलाष्टकं सुरू झाली, कर्ण्यांतून माळभर पसरली. हिराबाईचं तोंड हलतच राहिलं. पहिल्या रांगेतल्या बायकांनी कौतुकानं टाळ्या वाजवल्या. अक्षता पडल्या. दोघांनी तिला दंडाला धरून उठवलं, खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. तेव्हाही ती गातच होती. मी पाच पावलांवर उभा होतो. “अहो, जरा थांबा,” एवढंच म्हणायचं होतं. शब्द तयारही होता. मी रुमाल काढून चष्मा पुसला.

खरं सांगायचं तर मला माहीत होतं. सत्तावीस वर्षं मी हिराबाईच्या पाड्यावर शाळा चालवली. लग्नाला मला बोलावणं असे आणि मी मांडवाच्या कडेला वही घेऊन बसे. हे गाणं अर्ध्यात सोडायचं नसतं, मांडवाबाहेर म्हणायचं नसतं, हे मी पाहिलं होतं. आधी देवांना बोलवायचं, मग त्यांच्यासमोर लग्न, आणि शेवटी एकेकाला घरी पोचवायचं. याला दीड दिवस लागतो. पण पाठ्यपुस्तकात मोठ्या काव्यातलं एखादंच कडवं घेतात ना, तसं मला वाटलं. नमुना म्हणून.

*

दोन दिवसांनी हिराबाई माझ्या शेणव्याच्या खोलीवर आली. नातही बरोबर होती, दामिनी, शहापूरला बारावीची परीक्षा दिलेली. हिराबाई उंबऱ्यावरच बसली. चहा पुढे ठेवला तर कप बाजूला सारला.

“देव आनलं मी. आता ठेवलं कुठं, ते सांगा.”

मी तिचा कप उचलून आत ठेवला.

“आत्ता माळावं जाऊन आलू. कनात नाय, टेज नाय. कागदाच्या पत्रावळी हायत न् कुत्री हायत. तिथं उभं हायत का ते, माझी वाट बघत?”

“हिराबाई, चूक माझी आहे.”

“चूक कुनाची ते मी इचारलं नाय,” ती म्हणाली. “पाव्हना बोलवला तर जेवाया घालून पोचवायचा का नाय? एवढंच इचारते.”

“तुम्ही आता म्हणून टाका ना. इथं, माझ्या खोलीत.”

दामिनीनं माझ्याकडे असं पाहिलं, की मीच पोरगा आणि ती मास्तर. “गुरुजी, ज्यांच्या लग्नाला बोलवलं त्यांच्याच मांडवात पोचवायला लागतं. आजी कालपासून हेच सांगतेय.”

म्हणजे एक्कावन्नापैकी निदान एका जोडप्यानं म्हणायला हवं होतं, की आमच्या दारी मांडव घाला आणि लग्न पुरं करा. आमच्या पाड्यावरची तीन जोडपी होती. त्यांपैकी दोन वीटभट्टीवर निघून गेली होती. राहिला गणू. आम्ही तिघं त्याच्याकडे गेलो. वाटेत मी काय बोलायचं ते मनात तीनदा जुळवलं.

गणू अंगणात नव्या स्टीलच्या हंड्यावर स्टिकर खरवडत बसला होता.

“झाला की लगीन, गुरुजी! फोटोबी आलाय.” त्यानं आत जाऊन फोटो आणला. फोटोत चार जोडपी होती, गणूचं अर्धं तोंड शेजारच्याच्या मुंडावळ्यांनी झाकलेलं. “एका बायकोशी दोनदा लगीन लावलं तर लोक म्हनतील, पहिल्यांदा हिनं हो म्हटलंच नाय!”

“तसं नाय रे,” हिराबाई म्हणाली.

“मंग कसं? जेवनाचं काय, हिराबाय? तिथं बुंदी होती, इथं मी काय घालू? आंबील?”

मी जुळवलेलं वाक्य बोललो. ते फार लांब होतं आणि त्यात ‘सांस्कृतिक’ हा शब्द होता. गणूनं नम्रपणे मान डोलावली. ‘आज सुट्टी नाही’ म्हटल्यावर वर्गात डोलवायचा तशीच.

दारात चिमी उभी होती. 

“माझ्या आयेला आत सोडलं नाय,” ती म्हणाली.

“काय?” मी विचारलं.

“पास होता पाच जनांना. ह्यांच्याकडचं पाच झालं. माझी आय दोरीच्या भायेर उभी व्हती, उन्हात. मला हळद कुनी लावली ते मला म्हायत नाय. कुनी बाई व्हती, तिच्या हातात घड्याळ व्हतं.” मग गणूकडे वळून तिनं म्हटलं, “मी नाय केलं लगीन. तुमी केलं असंल.”

गणूनं हंडा खाली ठेवला.

*

पाड्यावरच्या बायकांनी तीन वर्षांपूर्वी एक मोठी कणगी केली होती. पीक आलं की प्रत्येक घरानं तीत भात टाकायचा आणि आषाढ-श्रावणात ज्याच्या घरचा संपेल त्यानं न्यायचा. कोणाच्या दारात उभं राहायला नको. कणगीची जबाबदारी काशीकडे होती. काशी म्हणजे हिराबाईची सून, दामिनीची आई. तीही माझीच विद्यार्थिनी, चौथीपर्यंत. चिमीच्या लग्नासाठी कणगी उघडावी का, यावर पारावर बैठक झाली. सुनिल मोटारसायकलवरून आला आणि तीवरून न उतरताच बोलला.

“भावनेच्या भरात काय पन करू नका. पावसात खाल काय? मग संस्थेकडंच याल धान्य मागायला.”

“आलू तर जेवान मागाया येऊ,” काशी म्हणाली. “लगीन मागाया नाय येनार.”

बायका हसल्या. एक म्हातारी म्हणाली, “सुनिल्या, उतर की खाली. का त्या गाडीशी तुझं लगीन लावलंय संस्थेनं?”

सुनिल चिडला. माझ्याकडे वळून म्हणाला, “गुरुजी, तुमी तरी सांगा. तुमीच शिकवलंत ना आमाला, पुढं जा म्हनून?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी शिकवलं होतं, हे खरं होतं. मी कोणाला मारलं नाही. फक्त मूल घरच्या बोलीत बोललं की ‘नीट बोल’ म्हणायचो. दिवसातून वीस वेळा, सत्तावीस वर्षं. मी म्हणालो, “बघा बुवा, तुम्हाला योग्य वाटेल ते.” इतकं निरुपयोगी वाक्य त्या पारावर क्वचितच बोललं गेलं असेल.

बायकांनी माझ्या मताची वाट पाहिली नाही. कणगी उघडायची ठरली, आणि पुढच्या पिकाला प्रत्येक घरानं थोडा जास्त भात टाकायचा हेही.

खरी अडचण पुढेच होती. बोलवायचं एकीनं, पोचवायचं दुसरीनं, अशी रीत. हिराबाई देव आणी आणि जना त्यांना पोचवी. पुढं जना म्हणे, मागून हिराबाई झेली. जना दोन वर्षांपूर्वी वारली आणि त्यानंतर इथं लग्न लागलंच नव्हतं. ती धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या एका पाड्यावरची होती, लग्न होऊन इकडे आलेली. तिच्या जागी बसायला कोणी तयार होईना. बायकांना ओळी येत होत्या तुटक तुटक, कोणाला सुरुवात तर कोणाला मधलं. शेवटी हिराबाईनं दामिनीला सांगितलं. मांडवाबाहेर म्हणून दाखवायचं नाही, त्यामुळे आजीकडून आधी शिकायचीही सोय नव्हती.

दामिनी माझ्याकडे आली. “गुरुजी, तुम्ही लिहून घेतलंय ना? जनाआजीचं? सगळे म्हणतात तुमच्याकडे वह्या आहेत.”

वह्या होत्या. तीन, काळ्या पुठ्ठ्याच्या. सत्त्याऐंशी ते पंचाण्णव या काळातल्या. त्या मी कधी कोणाला दाखवल्या नव्हत्या. ठाण्याच्या एका प्राध्यापकांना पाठवायला दोनदा पाकीट आणलं होतं, पण आपण कोण मोठे, असं वाटून राहून गेलं. त्या दिवशी मात्र ट्रंकेतून वह्या काढताना मला अभिमान वाटला, हे कबूल करतो. वाटलं, चला, एका कामाला तरी आलो.

दामिनी जमिनीवर बसून वाचायला लागली. बोट ओळींवरून फिरत होतं. बऱ्याच वेळानं बोट थांबलं.

“इथं काय लिहिलंय?”

मी वाकून पाहिलं. माझंच वळणदार अक्षर होतं. ‘पोचवणी : वरीलप्रमाणेच, उलट क्रमाने.’

“आणि वर?”

वर मोठ्या देवांची नावं होती, अकरा. ती मला पुस्तकांतून माहीत होती. त्यापुढे लिहिलं होतं, ‘इत्यादी (स्थानिक नावे, सुमारे चाळीस).’

“कुठली चाळीस?”

मी पानं उलटली. दुसरी वही, तिसरी वही. उपमा होत्या, नवरीच्या रूपाचं वर्णन होतं, कनसरीची कथा तर पूर्ण होती, समासात माझ्या टिपा होत्या. आणि प्रत्येक लग्नाच्या शेवटी ‘वरीलप्रमाणे’. जना गात असताना मी वही मिटून बसत होतो. मला तेव्हा वाटायचं, हे काय, नुसती नावं.

“आजीला आपल्याकडचे येतात,” दामिनी म्हणाली. “पण बुडालेल्या पाड्याचे जनाआजीच पोचवायची. आजी बोलवताना म्हणते, ‘बुडाल्या पाड्याचे सगळे या’. ते येतात. पोचवताना नावानंच वाट दाखवावी लागते. तुम्ही तर समोर बसला होतात, गुरुजी.”

“हो.”

“मला अर्धे शब्द कळतच नाहीत. आईला तुम्ही ‘नीट बोल’ म्हणायचात. तिनं मला नीटच शिकवलं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला काहीतरी उत्तर सुचलं असतं. ती वह्या तिथंच ठेवून गेली. पुढचे दोन दिवस मी जनाच्या मुलाकडे गेलो, धरणापलीकडच्या वस्तीत गेलो, जो भेटेल त्याला विचारलं. एक म्हातारा म्हणाला, सहा घरं होती आणि घराला एकेक देव, हे नक्की. नावं बायका म्हणायच्या, आम्हाला काय ठाऊक. बायका मेल्या होत्या.

*

गणूच्या दारात मांडव पडला. जांभळीचे टहाळे आणि बांबू. बँड नव्हता, गणूच्या चुलत्यानं तारपा काढला. चिमीची आई सकुबाई आदल्या दिवशीच येऊन बसली होती आणि हळदीचं भांडं तिनं कोणाच्या हाती दिलं नाही. गणू फोटोतल्यापेक्षा जास्त लाजला. “आता तरी हो म्हन बाय,” कोणीतरी चिमीला म्हणालं, आणि ती म्हणाली, “बघते.”

हिराबाईनं हाका घातल्या नाहीत. देव आलेलेच होते. तिनं माळावर सुटलेल्या ओळीपासून उचललं, जणू मधे फक्त पाणी प्यायला थांबली होती. दामिनी तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि मागून ओळ झेलू लागली. पहिल्या दिवशी तिचा आवाज ऐकूच आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी थोडा आला. शब्द चुकला की बायका हसत आणि तिच्या मांडीवर चापट मारून नीट करून देत. ‘नीट’ हा शब्द तिथंही होता, पण त्याचा अर्थ मला अनोळखी होता.

दुपारी पोचवणी सुरू झाली. आता पुढं दामिनी. वाट दाखवायची ओळ एकच होती, नाव तेवढं बदलायचं. माझ्या वहीतली अकरा नावं शेवटी यायची होती. आधी लहान देव जातात, मग मोठे. म्हणजे सुरुवातीला मी तिच्या काहीच कामाचा नव्हतो. हिराबाई तिच्या कानात नाव सांगे आणि दामिनी ते उचले. नाव अडलं की ज्या घरचा देव, त्या घरची बाई पुढं होऊन सांगे. काशीनं सांगितलं. सकुबाईनं तिच्या पाणवठ्याचं नाव सांगितलं. एकेक देव आपापल्या बांधाला, झऱ्याला, झाडाला निघाला. मी वही उघडून ती नावं लिहीत होतो. एकही गाळलं नाही.

मग बुडालेल्या पाड्याची पाळी आली आणि दामिनी थांबली.

हिराबाईनं डोळे मिटून मान हलवली. ओठ हलले, पण नाव आलं नाही.  दामिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी जागचा उठलो, का उठलो मला माहीत नाही. म्हणालो, “मी विचारलं सगळीकडं. मिळालं नाही.” भर मांडवात मी पहिल्यांदाच काही बोललो, आणि ते हे.

“हायत अजून,” हिराबाई म्हणाली. “दिसतात मला. पन पाठ फिरवून उभं हायत गो. तोंड दिसत नाय.”

“मग काय करायचं, आजी?”

 म्हातारीनं हातानं पुढं चल अशी खूण केली. दामिनीनं मोठे देव पोचवले, नदी पोचवली, डोंगर पोचवला. गाणं संपलं. दामिनीचा घसा पार बसला होता. तारपा वाजायला लागला आणि पानं मांडायची गडबड सुरू झाली.

“सा पत्रावळी तिकडं मांडा,” हिराबाईनं सांगितलं. “कुडाकडंला.”

“कुनाला, आय?” काशीनं विचारलं.

“नाव गेलं म्हनून उपाशी ठेवायचं का? र्‍हातील हितंच. आपलं खातील.”

गणूनं कुडाच्या कडेला सहा पत्रावळी ओळीनं मांडल्या, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर खडा ठेवला. काशीनं कणगीतल्या तांदळाचा भात वाढला, प्रत्येकीवर सारखा. वरणाची बादली घेऊन जाणारं कोणी मोकळं नव्हतं. ती माझ्या हातात आली. मी जन्मात कधी पंगतीला वाढलेलं नाही.

मी पहिल्या पानासमोर वाकलो. तिथं कोणी नव्हतं, तरी मला अवघडल्यासारखं झालं. पळीतलं थोडं वरण पानाबाहेर गेलं.

“हळू, गुरुजी,” दामिनी बसलेल्या आवाजात मागून म्हणाली. “पायावर सांडतंय त्यांच्या.”

मी थोडा मागे सरकलो आणि पुन्हा वाढलं.